कोरड्या तोंडाचा वास

माझ्या नाकाला आज पुण्यात नोकरी आहे, पण त्याचं शिक्षण झालं ते मोताळा तालुक्यातल्या आमच्या घराच्या दारात, मागे उभी असलेली माय पाठीत बोटं खुपसत असताना. "जाय, पाहून ये काय पेला," ती म्हणायची. मी सात वर्षांची असेन. बाबा पायरीवर बसून वहाणा काढत असायचे. मी तांब्याभर पाणी घेऊन जायची, तांब्या पुढं करायची आणि त्यांनी तोंड उघडलं की श्वास आत ओढून घ्यायची. मग आत येऊन मायला सांगायची. गुळाची हातभट्टी असली तर नवसागराचा उग्र, नाकात टोचणारा वास. त्या दिवशी हाताला लागेल ते उचललं जायचं, म्हणून माय आम्हा दोघा भावंडांना मागच्या दारानं शेजारी काढून द्यायची. देशी असली की संत्र्याचा खोटा वास. तेव्हा लाथा आणि थपडा. कोणाच्या लग्नात इंग्लिश मिळाली की जळक्या साखरेचा वास. तेव्हा नुसत्या शिव्या आणि रडणं. हे सगळं मला पाढ्यांच्या आधी येत होतं.

एकदा त्यांनी मायला बैलाच्या पराणीनं मारलं. पराणी मोडली तेव्हा उरलेल्या तुकड्यानं मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माय पाठीला हळद लावून घेत होती, मी लावून देत होते, आणि ती मला समजावत होती, "तो नाई मारत वं, दारू मारते." आमच्या घरात देवाची आरती रोज होत नसे, पण हे वाक्य रोज होत असे. मला त्या वाक्याची इतकी चीड होती की हळदीचा हात मी मुद्दाम जोरात दाबायची.

मी कॉलेजात गेले तोवर बाबा लिव्हर जाऊन मेले. त्यानंतर दोन वर्षांनी गावातल्या बायकांनी दारूचं दुकान बंद करायला मतदान मागितलं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात: एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर जास्त शिक्के पडले की दुकान बंद. माय घरोघर फिरली. "बाई, काई इचार नोको करू, आडवी कर," म्हणत फिरली. बाटली आडवी झाली. मायनं घरी येऊन बाबांच्या फोटोला हार घातला आणि म्हणाली, "तुमचा वैरी गाडला." मेलेल्या माणसाचा वैरी गाडून काय उपयोग, असं मी विचारणार होते. पण ती रडत होती, म्हणून गप्प बसले.

मी मायक्रोबायोलॉजी शिकले आणि बिअरच्या एका छोट्या कारखान्यात लागले. प्रयोगशाळेत, चाखणारी म्हणून. माय गावात सांगते, लेक औषधाच्या कंपनीत हाय. सांगू दे. दोन वर्षांपूर्वी आमच्या मालकानं बार्लीवाईन करायला घेतली. नावात वाईन आहे, पण ती असते बिअर. जवाची, दाट, ग्लासात तेलासारखी फिरणारी आणि भलती कडक. अमेरिकेत मक्याची बर्बन व्हिस्की मुरवून झाली की ओक लाकडाची पिंपं रिकामी होतात. आतून जाळून कोळसा केलेली. तशी तीन पिंपं त्यानं मागवली आणि बार्लीवाईन वर्षभर त्यांत मुरवली. कोणतं पिंप बाटलीत भरायचं आणि कोणतं मोरीत ओतायचं, हे मी ठरवायचं होतं. बिअर चाखताना थुंकत नाहीत. कडूपणा घशाच्या मागे कळतो, घोट गिळावाच लागतो. कारखान्यात सगळीकडे जवाचाच वास; तिथं नाक थकतं. म्हणून डिसेंबरात सुटी घेतली आणि तीन पिंपांच्या तीन बाटल्या बॅगेत घालून गावी आले.

आले ती कुठल्या घरात आले, तेही सांगते. माझा धाकटा भाऊ शेती पाहतो. पाच महिन्यांपूर्वी त्यानं पिऊन बायकोला इतकं मारलं की तिची डाव्या हाताची दोन बोटं मोडली. भावजय उठून जानेफळला माहेरी गेली. मग दोन्हीकडची माणसं बसली. बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं की पोरगा चांगला आहे, दारू वाईट आहे. भावानं मायच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, गळ्यात तुळशीची माळ घातली आणि सून परत आली. उठता उठता भावजयीचा बाप मात्र एक बोलला. "दारूत केलं ते आमी पोटात घातलं. पन कोरड्यानं हात लावला त त्याच दिवशी लेक घेऊन जाईन, मंग पुन्हा बैठक नाई." कोरडा म्हणजे न प्यालेला. सगळ्यांनी हो हो म्हटलं, कारण कोरडा नवरा मारतो असं काही असतं, हे त्या ओसरीवर बसलेल्या एकालाही खरं वाटत नव्हतं.

अशा घरात मी बाटल्या घेऊन शिरले. अक्कल गहाण टाकली होती म्हणा. वर चौथी बाटलीही होती, तीही तशीच तपकिरी, तसंच पत्र्याचं बूच. मायनं बॅग उघडली आणि तिचा हात माझ्या थोबाडापर्यंत येऊन थांबला.

"काय आणलं हे सटवे? माया घरात?"

"तीन कामाच्या हायेत माय. अन् ही चौथी दारू नाईच. जव शिजवून काढलेला गोड काढा हाये. याच्यात खमीर घातलं की मंग पुढं दारू होते. हे तुयासाठी आणलं. लेक काय करते ते तुले कळावं म्हणून."

"दारूच्या बाटलीतलं गंगाजल बी नोको मले!"

तिनं चारही बाटल्या कोठीच्या खोलीत नेऊन जमिनीवर आडव्या केल्या. मी जाऊन उभ्या केल्या, कारण तळाशी गाळ बसलेला असतो, बाटली उभीच ठेवावी लागते. तिनं पुन्हा आडव्या केल्या. "या गावात बाटली आडवीच राह्यते," म्हणाली. दोन दिवस हा खेळ चालला. भावजय दाराआड तोंडाला पदर लावून हसायची. भाऊ चौकटीला टेकून पाहत होता. त्यानं विचारलं, "ताई, लय कडक हाये काय वं तुयी बिअर?"

"तुया देशीचा बाप हाये," मी म्हटलं. "गुळवण्यासारखी गोड लागते, अन् एका बाटलीत माणूस भुईवर."

हे मी फुशारकीनं बोलले. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी मी तिन्ही बाटल्या आणि तीन छोटे ग्लास घेऊन गच्चीवर गेले. चौथी बाटली मायनं मोरीत ओतायची म्हणून स्वयंपाकघरात आणून ओट्याखाली सरकवून ठेवली होती, ती तिथंच राहिली. भावजय धुणं वाळत घालायला वर आली आणि माझ्याजवळ टेकली. पहिल्या पिंपाचं काय सांगू! आधी गूळ आणि खजूर, मग व्हॅनिला, आणि घोट उतरल्यावर कितीतरी वेळानं विझलेल्या चुलीचा वास. भावजयीनं ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "करपल्या पुरणाचा वास येते, ताई." मी ते वहीत तसंच लिहून घेतलं. माझ्या साहेबानं वर्षभरात एवढं नेमकं काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या पिंपाला हवा लागली होती, ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता, ते बाद. तिसऱ्यात नाकात टोचणारं असं काही होतं की माझी पाठ आपोआप कठड्याला जाऊन टेकली. वय छत्तीस, पदवी दोन, आणि मी मागचं दार शोधत होते. मी ग्लास पालथा केला.

"तुमाले पेल्यावर राग नाई येत काय, ताई?" भावजयीनं विचारलं.

"मले राग न पेताच येते," मी म्हटलं आणि हसले.

ती हसली नाही. माझ्याकडे नुसती पाहत राहिली, काही बोलायचं असल्यासारखी. तेवढ्यात खाली भावाची मोटारसायकल वाजली आणि ती भाकरी टाकायला पळाली.

दहा मिनिटं गेली असतील. मला त्याचा आवाज ऐकू आला, "कोनाचा फोन होता?" मग तिचा, "बहिनीचा." मग त्याचा, "काय सांगून राह्यली तिले माया घरचं?" तिनं काय उत्तर दिलं ते कळलं नाही. ताट आपटल्याचा आवाज आला. नंतर धप्प, आणि पुन्हा धप्प, अंगावर अंग नव्हे तर डोकं भिंतीवर आपटल्याचा. ती एकदाच ओरडली. ते ओरडणं मधेच तुटलं. मी जिन्याकडे धावले. जिन्यात असताना फरशीवर काहीतरी छोटं पत्र्याचं घरंगळत गेल्याचं ऐकलं. कारखान्यात मी दिवसभर तेच ऐकते, झोपेतही ओळखीन. बाटलीचं बूच होतं ते.

स्वयंपाकघरात भावजय ओट्याला पाठ लावून खाली बसली होती. कानातून रक्त निघून मानेवर आलं होतं. एक डोळा मिटत चालला होता. मंगळसूत्र तुटून काळे मणी भाकरीच्या पिठात पडले होते. आणि माझा भाऊ बाटली तोंडाला लावून घटाघटा पीत होता. अर्धं त्याच्या सदऱ्यावर सांडत होतं. त्याच वेळी अंगणात तूर पाखडत बसलेली माय सूप हातात घेऊनच आत आली.

तिला पाहिलं आणि त्याचे गुडघे वाकले. "माय... मले काई समजून नाई राह्यलं माय..." जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले. "हिची बाटली दिसली... पाच महिने हात नाई लावला व माय... हिनं घरात आणली..." आणि तो खाली बसून हुंदके द्यायला लागला.

मायनं सूप फेकलं आणि कोपऱ्यातला खराटा उचलला. सुनेकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. खराटा माझ्या पाठीवर बसला. "तूनं आणली! तूनं माया पोराची शपथ मोडली! शिकली सवरली अन् दारू घेऊन आली घरात!" तिनं दुसरा मारला, तिसरा मारला. काड्या गालाला लागून रक्त आलं. मी हात वर केला नाही. मी भावाजवळ गेले, त्याचा जबडा धरला, तोंड उघडलं आणि श्वास आत ओढला.

शिजवलेला जव. गोड, कोमट, लहान लेकराच्या लापशीसारखा. आणि बाकी काहीही नाही.

"हा कोरडा हाये," मी म्हटलं.

"पेलो ना मी! दिसून नाई राह्यलं काय?"

"तो मायचा काढा पेला तू, बेट्या. त्याच्यात थेंब दारू नाई. दारूच्या तिन्ही बाटल्या वर गच्चीत हायेत. जाय, मोजून ये."

त्याची जीभ तिथल्या तिथं सरळ झाली. गुडघेही सरळ झाले. स्वच्छ, खणखणीत आवाजात तो ओरडला, "तूच म्हणली होती ना कडक हाये म्हणून!"

मग माझा हात उठला. ओट्यावर पितळेचा तांब्या होता, पाण्यानं भरलेला. तो त्याच्या भुवईवर बसला, कातडी फाटली. दुसरा नाकावर बसला आणि काहीतरी मोडल्याचं माझ्या मनगटाला कळलं. तो खाली पडला, हात तोंडावर घेऊन "ताई, ताई" करायला लागला. लहानपणी मागच्या दारानं पळताना याच आवाजात तो माझा हात धरायचा. तरी मी तिसरा मारला. त्या तिसऱ्याला काही कारण नव्हतं. मारताना मला बरं वाटलं, हेही लपवत नाही. चौथ्याला भावजयीनं उठून माझं मनगट धरलं.

"बस, ताई," ती म्हणाली. "तुमी बी त कोरड्याच."

तीन पिंपांच्या तीन घोटांनी मला काही होत नाही. हात माझाच होता, आणि तो कुणाकडून आला तेही मला माहीत होतं. मी तांब्या खाली ठेवला. माझी मला लाज वाटली, पण भावाची दया आली नाही.

"आज तिसरी खेप हाये," भावजय मायला म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "शपथ घेतल्यावर तिसरी. त्या दोन खेपेले घरात बाटली नव्हती, म्हणून नुसता पाया पडून राह्यला. आज मारून झालं अन् इकडंतिकडं पाहे. मंग ओट्याखाली वाकला."

"म्या म्हणलं काय तुले, का सांगू नोको म्हणून?" माय पुटपुटली.

"सांगतलं असतं त तुमी काय म्हणल्या असत्या, आई?"

भावजयीनं पदरानं कान दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं, त्या मोडून वाकड्या जुळलेल्या बोटांनी, फोन लावला. "बाबा, कोरड्यानं मारलं," एवढंच बोलली. पलीकडून काय आलं ते ऐकून म्हणाली, "मोताळ्याच्या दवाखान्यात या. ताई घेऊन चालल्या मले." फोन ठेवून ती कपडे भरायला आतल्या खोलीत गेली. भाऊ भिंतीला टेकून नाकाला धोतराचं फडकं लावून बसला होता. त्यानं एकदा मायकडे पाहिलं. नेहमी अशा वेळी ती त्याच्यासाठी काहीतरी बोलायची. ती बोलली नाही, तसा तो उठून मागच्या दारानं गोठ्याकडे निघून गेला.

मी गाडीसाठी फोन केला. माय फरशीवर बसली होती, पीठ आणि मण्यांच्या मधोमध. तिनं हात लांब करून ती बाटली उचलली. तळाशी बोटभर काढा उरला होता. ज्या बाईनं आयुष्यात दारूची रिकामी बाटली रॉकेलसाठीसुद्धा वापरली नाही, तिनं ती तोंडाला लावली आणि घोट घेतला. थांबली. काही होतं का, याची वाट पाहत राहिली. मग उरलेलंही पिऊन टाकलं.

"गोड हाये," ती म्हणाली.

"हाव."

"काईच होत नाई याच्यानं."

"नाई होत, माय."

तिनं रिकामी बाटली खाली ठेवली. मग माझ्याकडे न पाहताच तिनं विचारलं, "मंग तुया बाप?"

"कधी कधी तो बी कोरडाच राहे, माय."

"कितीक बारी?"

"म्या मोजलं नाई."

"माया हात मोडला त्या दिवशी?"

"त्या दिवशी बी."

"पन तू त मले हातभट्टी सांगतली होती." ती आता माझ्याकडे पाहत होती. "मले आठोते. पाण्याचा तांब्या घेऊन आली अन् म्हणली, माय, हातभट्टी हाये. तू दारात उभी होती, तुया झग्याले बटन नव्हतं. काऊन सांगतली? तवाच खरं सांगतलं असतं त म्या निंघून गेली असती वं. त्याच दिवशी गेली असती. दारूले सोडून कोनी जात नाई, पन मानसाले सोडून जाता येते."

बाहेर गाडीनं हॉर्न दिला. भावजय पिशवी घेऊन दारात येऊन उभी राहिली. मला पुढं काही न बोलता उठून जाता आलं असतं. मायनं ते पोटात घातलं असतं, तिला त्याची सवय होती.

"मले माहीत होतं तू जाशील," मी म्हटलं. "म्हणून खोटं बोलत होती, माय. तू गेली असती अन् आमी दोघं त्याच्यापाशी राह्यलो असतो. मले लय भ्या वाटे."